राघूची शेपटी आणि बगळ्याचं टोपडं

मित्रांनो, मी एक जुनं हेलिकॉप्टर आहे. दचकू नका, माझ्यात माणूस बसत नाही. माणूस खाली जमिनीवर उभा राहून रिमोट चालवतो आणि मी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालतो. माझा रंग हिरवा, म्हणून नूरबानूंनी माझं नाव राघू ठेवलं. स्वभाव मात्र राघूसारखा गोड नाही. मी जळका आहे, आणि माझी हकीकत ऐकलीत तर तुम्हीही म्हणाल, बिचारा जळेल नाहीतर काय करेल!

नूरबानूंचे यजमान हमीदभाई हे माझे मालक. दोघं खडकीला राहतात. हमीदभाई कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त झालेत. मी खोक्यातून सुट्या तुकड्यांत आलो आणि त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर मला जोडलं. कारखान्यातली एक सवय त्यांनी घरीही ठेवली होती. स्क्रू पक्का आवळला की त्याच्या डोक्यावर लाल टिकली लावायची. टिकली दिसली म्हणजे तिथलं काम झालं, पुन्हा बघायला नको. घरात लाल रंग नव्हता, म्हणून नूरबानूंची नेलपॉलिश कामाला आली.

"अहो, ती बाटली मी ईदसाठी आणली होती," त्या म्हणायच्या.

"मग राघूची ईद आज," म्हणत हमीदभाई पुढची टिकली लावायचे.

रविवारी आम्ही वाघोलीला जायचो. तिथे बायडाबाईंचं शेत आहे. पीक निघालं की रान मोकळं होतं आणि त्या आम्हाला उडू देतात. हमीदभाईंचे कोथरूडचे मित्र दिगंबरराव खुर्ची घेऊन यायचे आणि बसल्या जागेवरून टोमणे मारायचे. मी पडायचोही पुष्कळ. कधी शेपटीचा छोटा पंखा तुटायचा, कधी पात्यांखालचा दांडा वाकायचा. हमीदभाई तो दांडा काचेवर लोळवून बघायचे. काच आणि दांडा यांत फट दिसली की तो बाद, नवीन घालायचा.

"हमीदभाई, हे उडवायला घेतलंत की दुरुस्त करायला?" दिगंबरराव विचारायचे.

"दुरुस्त करायला. उडवतो ते तपासायला," हमीदभाई सांगायचे. हे ऐकलं की मला आपण घरातलेच आहोत असं वाटायचं. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग बगळा आला. हमीदभाईंची मुलगी सलीमा नगरला असते. तिच्या नवऱ्याने सिंगापूरहून आणलेलं ते हेलिकॉप्टर माझ्याच कंपनीचं, माझ्याच मापाचं होतं. पांढरंशुभ्र, म्हणून दिगंबररावांनी त्याला बगळा म्हटलं. त्याच्या नाकावरचं कवच असं गुळगुळीत, की नूरबानू त्याला टोपडं म्हणू लागल्या. माझ्याही नाकावर तसंच कवच होतं. त्याला तडा गेला होता, तर त्याला कोणी टोपडं म्हणेना.

टेबलावर बगळा बसला आणि मी कपाटावर गेलो. तेही मी सोसलं असतं. पण बगळा धसमुसळा. जरा उतरताना चुकला की याचं काहीतरी मोडणार. सुटे भाग मागवले तरी यायला वेळ लागतो, आणि रविवार तर तोंडावर. मग हमीदभाई स्टूल घेऊन कपाटाशी यायचे. आधी माझी मोठी पाती गेली. मग पाती कलती करणाऱ्या बारीक काड्या गेल्या. मग त्या काड्या हलवणारी छोटी मोटर गेली, जिला ते सर्व्हो म्हणतात.

"राघूला किती ओरबाडाल?" नूरबानू एकदा चिडल्याच.

"उसनं घेतोय गं. नवीन भाग आले की याला आधी लावतो."

नवीन भाग यायचे. पुडी उघडली जायची आणि भाग बगळ्याच्या डब्यात जायचे, पुढच्या वेळेसाठी. मी कपाटावरून बघत राहायचो. माझ्या पात्यांनी तो उडायचा, माझ्या सर्व्होने वळायचा, आणि घरी आल्यावर कौतुक कोणाचं? बगळ्याचं! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला पुन्हा उडायचं होतं, मित्रांनो. दुसरं काही नको होतं.

शेवटी माझी शेपटी उरली होती. बगळ्याने आपला शेपटीचा पंखा मोडला आणि एका शनिवारी हमीदभाईंनी माझाही काढला, त्याच्या बारीक स्क्रूसकट. त्या स्क्रूवर माझ्या वेळची लाल टिकली अजून होती. पंखा बगळ्याच्या शेपटीवर बसवून त्यांनी स्क्रू बोटाने फिरवला. एवढ्यात फोन वाजला. सलीमाचा होता. नातीच्या शाळेपासून नगरच्या पाण्यापर्यंत सगळं बोलून झालं. परत येऊन हमीदभाईंनी चष्मा लावला, एकेक स्क्रू पाहिला, शेपटीवर टिकली दिसली आणि मान हलवली. "झालं," ते म्हणाले.

झालं कसलं! तो स्क्रू नुसता टेकला होता. टिकली माझी होती, मला आवळलं तेव्हाची. मी वरून सगळं पाहिलं आणि मला आनंद झाला. मला बोलता येत नाही हे त्या दिवशी मला फार सोयीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मलाही वाघोलीला नेलं. उडवायला नव्हे, सुट्या भागांच्या पिशवीत, वेळ पडली तर आणखी काही काढता यावं म्हणून. पिशवीच्या तोंडातून मला आभाळ दिसत होतं. बगळा चढला. छान चढला. मग त्याच्या शेपटीतून काहीतरी निसटलं आणि तो जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरायला लागला.

"अवं हमीदभाऊ, तुमचं पाखरू असं गरागरा का फिरतंय?" बायडाबाई बांधावरून ओरडल्या.

हमीदभाईंनी त्यांना लांब सरायला सांगितलं आणि रिमोटवर जमेल तेवढं केलं. बगळा बांधाच्या दगडावर आपटला. सांगाडा फुटला, दांडा वाकला, आणि टोपडं उडून कापलेल्या बाजरीच्या धसकटांत अलगद जाऊन पडलं. त्याला ओरखडासुद्धा नाही!

"उतरायची पद्धत नवीन दिसते," दिगंबरराव म्हणाले. पण हमीदभाईंचा चेहरा पाहून ते खुर्चीवरून उठले आणि निमूटपणे तुकडे गोळा करू लागले.

हमीदभाई शेपटी हातात घेऊन मातीतच बसले. "टिकली होती, दिगंबरराव. मी डोळ्यांनी पाहिली होती." बोट स्क्रूच्या रिकाम्या भोकावरून फिरवत राहिले. मग त्यांनी पिशवीतून मला काढलं, माझी उघडी शेपटी पाहिली, आणि त्यांना सगळं कळलं. मला वाटलं होतं, बगळा पडल्यावर मी मनातल्या मनात नाचेन. तसं काही झालं नाही. निसटला होता तो माझाच पंखा होता.

घरी नूरबानूंनी सगळं ऐकून घेतलं. "स्क्रू टिकली आपल्याबरोबर घेऊन फिरतो," त्या म्हणाल्या. "त्यापेक्षा रेघ ओढा. अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या भागावर. स्क्रू हलला की रेघ तुटलेली दिसेल." आणि बाटली स्वतःच पुढे केली.

मग हमीदभाईंनी मला टेबलावर घेतलं. माझ्या काड्या, माझा सर्व्हो, सगळं परत आलं. पाती बगळ्याच्या डब्यातून निघाली, आणि शेपटीचा पंखा त्या आठवड्यात आलेल्या नव्या पुडीतून. प्रत्येक स्क्रूवरची जुनी टिकली पुसली, स्क्रू पुन्हा आवळला आणि नूरबानूंनी बारीक लाल रेघ ओढली. माझ्या अंगात पुन्हा जीव आला. पण माझं तडकलेलं हिरवं कवच काढून टाकलं आणि माझ्या नाकावर ते पांढरं टोपडं चढवलं.

पुढच्या रविवारी मी उडालो. किती दिवसांनी! खाली बायडाबाई हात कपाळाशी धरून बघत होत्या. "ह्ये नवं लई झ्याक उडतंय," त्या म्हणाल्या. "त्या जुन्या हिरव्यापरीस कितीतरी बेस!"

"नव्याची सर जुन्याला कुठली?" दिगंबररावही म्हणाले.

मी उडत होतो आणि कौतुक टोपड्याचं चाललं होतं. माझं नाक कापून टाकावंसं वाटलं.

त्या दिवशी नूरबानू पहिल्यांदाच शेतावर आल्या होत्या. त्या आमच्याकडे पाठ करून थर्मासमधून चहा ओतत होत्या. माझं मोठं दातेरी चाक जुनं आहे, फिरताना किंचित किरकिरतं. त्यांचा हात थांबला.

"अहो," त्या मागे न बघताच म्हणाल्या, "राघूला केव्हा वर नेलंत?"

हमीदभाई हसले. "आत्ताच," ते म्हणाले.

तर मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी कपाटावर असेल तर त्याचे भाग लागतील तेव्हा खुशाल घ्या. स्क्रूवरचा जुना रंग आधी पुसा आणि स्क्रू पुन्हा आवळा. उसनं घेतलेलं परत लावा. आणि त्याचा आवाज ओळखीचा ठेवा. बाकी जळणं माझं मी बघून घेईन. कालच हमीदभाईंनी मला पुसलं, आणि सुरुवात टोपड्यापासून केली.