एकसष्ट, बासष्ट आणि भांडण

माझी आत्या विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयात कवळी विभागाची प्रमुख आहे. घरी आत्या, कॉलेजात मॅडम. एकदा कॉलेजात माझ्या तोंडून 'आत्या' निसटलं, तर तिने मला गैरहजर लावलं. मी समोर उभा होतो.

सव्वीस वर्षांत तिने हजारो तोंडांना दात दिले, शेकडो विद्यार्थ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं आणि एक नियम केला. कवळी पक्की करायच्या आधी मेणात दात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतात. इतर ठिकाणी तेव्हा साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावतात, कारण त्यात 'स' भरपूर. आत्या भांडायला लावते. जपून बोलताना कुठलीही कवळी गुणी असते, माणसाचा तोल सुटला की दातांचं खरं रूप दिसतं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आमच्या विभागात दिवसभर जावई, शेजारी आणि पाणीपुरवठा खातं यांचा उद्धार चालायचा.

भिंतीपलीकडे वाकड्या दातांना तारा लावणारा विभाग. तिथले प्रमुख नुकतेच डीन झाले होते. त्यांचं पत्र आलं: आवाज फार होतो, सोमवारपासून फक्त आकडे, नाहीतर विभागाच्या चाव्या जमा करा. आत्याने ते दोनदा वाचलं आणि घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातलं. टेबल स्थिर झालं.

सोमवारी डीन स्वतः आले. नेमकी माझीच परीक्षा होती. पेशंट निवृत्त ग्रंथपाल. चौतीस वर्षं लोकांना गप्प करण्यात गेलेली, त्यामुळे स्वतःचा आवाज अजून कोरा करकरीत. बाईंनी साठ ते सत्तर असे म्हटले, जणू एकेक आकडा परत कपाटात लावून ठेवतायत. एकही दात वाजला नाही.

डीन म्हणाले, झालं की, करा सही.

"भांडल्या कुठे अजून?" आत्या म्हणाली.

बाई ओशाळल्या. त्यांना भांडायला कुणी सापडेना. मी सुचवलं, नवरा? तो वारला होता. शेजारी? चांगले होते. मी स्वतःला देऊ केलं, पण त्यांनी 'नको रे बाळा' म्हणून मला परत केलं.

सही नाहीतर चाव्या, डीन घड्याळ बघत म्हणाले. आत्याने ॲप्रनच्या खिशातून जुडगा काढला आणि ट्रेमध्ये मेणाच्या सुरीशेजारी ठेवला.

"चाव्या न्या. खोटी सही माझ्याकडे मिळत नाही."

डीननी चाव्या उचलल्या, माझा परीक्षेचा कागद ओढला आणि स्वतःच सही ठोकली. मी पास झालो. पास होऊन वाईट वाटण्याची माझी पहिलीच वेळ.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"ओ साहेब. सही त्यांची पाहिजे. सहा वेळा त्यांनी तपासलं मला. तुम्ही साधं वाकूनसुद्धा बघितलं नाहीत, आणि सरळ..."

टक. टक-टक. प्रत्येक 'स'ला खालचे दात वरच्यांवर आपटत होते. 'सरळ'ला वरची कवळी निसटून बाईंच्या मांडीवर पडली. बाईंनी खालचीही काढली, दोन्ही माझ्या हातात दिल्या आणि उरलेलं भांडण बिनदातांनी पूर्ण केलं. एकही शब्द समजला नाही. डीनना मात्र सगळं कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले.

आत्याने मोजपट्टी लावली. "दोन मिलिमीटर उंच. नापास. पुन्हा कर."

इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

डीन चाव्या घेऊनच गेले. मंगळवारी विभागाला कुलूप. आत्याने घरून आमची घडीची खुर्ची आणली आणि डीनच्या दाराबाहेर व्हरांड्यात मांडली. जावई, शेजारी, पाणीपुरवठा, सगळं तिथे सुरू झालं.

गुरुवारी ग्रंथपाल बाई आल्या. मी उंची उतरवलेले दात बसवले. बाई 'एकसष्ट'पर्यंत आल्या, थांबल्या, बाह्या वर सारल्या आणि उठून डीनच्या दारावर टकटक केली.

आतून विचारणा झाली, कोण आहे?

आत्याने माझा कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.