हरलेली हसली म्हणून

साहेब, तुम्ही छायाचा विजय दाबून ठेवलाय. निवड चाचणीच्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिलंत, 'लढत संशयास्पद.' कारण काय, तर हरलेली मुलगी हसत होती. ती हरलेली मुलगी मी, मनीषा. आता माझं ऐका.

आमचा ज्युदोचा क्लास पंचाण्णव साली पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये सुरू झाला. ताडपत्रीखाली जुन्या गाद्या, बस्स. वाल्मीक सर पहिले तीन महिने पाडायला शिकवतच नाहीत, फक्त पडायला. हनुवटी छातीला, तळहात गादीवर, फाट! पुढे कुणाला पाडलं की हात देऊन उठवायचं. घरी जाताना सर विचारतात, "आज किती वेळा पडलीस?" किती वेळा पाडलंस, हे चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. म्हणतात, "तुम्हाला शिकता यावं म्हणून कुणीतरी आपलं अंग देतं. त्या अंगाला आधी नमस्कार. देव थांबेल."

पडण्यात छायाचा हात धरणारं कुणी नाही. ती मखमलाबादची. पहाटे आईबरोबर मेथीच्या जुड्या बांधायच्या, मार्केटला पोचवायच्या, मग क्लास. नवं कुणी आलं की ही पुढे. "या, पाडा मला, कोबीचं पोतं समजा!" कमरेवरून फेकायचा माझा डाव तिच्याच अंगावर तयार झाला. मी चिडवायचे, "छाये, तुला उभं राहता येतं का गं?"

"तू दमलीस की राहीन."

चाचणीत अठ्ठेचाळीस किलो वजनगटाच्या फायनलला आम्हीच दोघी. जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार. वाकून नमस्कार करताना ती पुटपुटली, "मने, माझी कीव केलीस ना, तर उद्यापासून बोलायची नाय."

नाही केली, साहेब. जीव खाऊन खेळले. मलाही जायचं होतं. शेवटी तोच डाव टाकला. पण तो तिच्या अंगाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माझी कंबर वळायच्या आत ती सरकली आणि मी हवेत. फाट! वर पंखा गरगरतोय, पंचांचा हात वर, पूर्ण गुण.

आणि मला हसूच फुटलं. इतका देखणा डाव, आणि माझ्या अंगावर! चार वर्षं हिने माझ्याखाली पडून मला घडवलं, आणि मी समजत होते मीच भारी. छायाने उठवायला हात दिला आणि हसता हसता तीच माझ्यावर कोसळली. वाल्मीक सर खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होते. तिची आई बयाबाई मार्केटमधून रिकामी पाटी घेऊन थेट आलेली. ओरडली, "अगं पोरींनो, दोघी हसताय, मंग हरलं कोन?" अख्खा हॉल हसला.

तुम्ही सोडून. "हरलेलं माणूस हसतं का? ठरवून खेळलात," म्हणालात.

सर म्हणाले, "साहेब, चार वर्षं हेच तर शिकवतोय."

तुम्ही पेनाचं टोपण काढलंत.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "मनीषा, आज किती वेळा पडलीस?"

"एकदाच सर. पण काय पडले!" छाया हसून गादीवर लोळायची बाकी होती.

काल तुमचा निरोप आला. छाया बाद, तिच्या जागी मनीषाने जावं. मी जाणार नाही. जाईल ती छायाच. तिचा ड्रेस धुऊन मेथीच्या वाफ्याशेजारी वाळत घातलाय. स्पर्धा रविवारी आहे.

हरणाऱ्याने रडलंच पाहिजे, हे कुठल्या नियमात लिहिलंय, साहेब? नियमाचा नंबर सांगा. शनिवारच्या आत.