मानेवरचा डाग आणि माझ्यावरचा आळ

मित्रांनो, मी एका शिंप्याच्या गळ्यातली जुनी टेप आहे. माझे आकडे पुसट झाले असले, तरी माप अजून चोख देते. माझ्यावर एकदा खोटा आळ आला होता. तो मी विसरलेले नाही.

मी नवीकोरी होते तेव्हा मालक म्हणायचे, "ही सांगेल तेच खरं." मी साऱ्या गावाच्या कमरा मोजल्या. राहिली ती मालकांचीच. ते दरवर्षी आपल्या पँटची कंबर उसवून सैल करायचे, तीही अंदाजाने. मला तेव्हाच शंका आली होती. दुपारी जेवले की मशीनवरच त्यांचा डोळा लागायचा, आणि जाग आली की गोड चहा हवा असायचा.

मग त्यांची मान काळी पडू लागली. कातडी जाड झाली. मालकीणबाईंनी घासून घासून पाहिले, पण डाग हटेना. शेवटी त्यांची नजर माझ्यावर गेली.

"या टेपचाच रंग लागतोय. काढा ती आधी."

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझी रवानगी खणात झाली, सुट्या बटणांमध्ये. नवी टेप आली. मान मात्र तशीच राहिली, शिवाय काखेतही डाग आला. तेव्हा बाई नवीकडेही संशयाने पाहू लागल्या.

एके दिवशी गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई माप द्यायला आल्या. वाकलेल्या मालकांची मान त्यांना दिसली.

"हा मळ नाही. रक्त तपासून घ्या. घरात कुणाला मधुमेह होता?"

"वडिलांना. त्यात त्यांचा पाय गेला," मालक म्हणाले. "पण मला काही होत नाही हो."

"स्वतःची कंबर मोजलीय कधी?"

नर्सबाई उगाच घाबरवताहेत, असे मालकांना वाटले. पण मालकीणबाईंनी खण उघडला. "जुनीच घ्या. ती खोटं सांगत नाही."

मी वेढा घातला. आकडा वाचून मालकांनी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला.

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "इन्सुलिन साखर पेशींत पोचवतं. पोटावरच्या चरबीमुळे तुमच्या पेशी त्याचं ऐकत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त जास्त बनवतंय. मानेवरचा डागही त्यामुळेच. साखर अजून काठावर आहे. असंच चाललं तर मधुमेह, हृदयविकार, यकृतात चरबी, काहीही होऊ शकतं. पण अजून वेळ गेलेली नाही."

मी पुन्हा गळ्यात आले. मालक आता जेवून चालायला जातात, चहा बिनसाखरेचा घेतात. मान हळूहळू उजळते आहे.

मित्रांनो, शरीर खूण दाखवत असेल तर ती घासत बसू नका, आणि दुसऱ्याला बोल तर मुळीच लावू नका. मालक हल्ली मला आधी स्वतःच्या कमरेला लावतात. त्या वेळी पोट हळूच आत ओढतात. मी मात्र ते श्वास सोडेपर्यंत थांबते.