तांदूळ पांढरा निघेपर्यंत

मित्रांनो, माझ्या पोटात निवडुंग वाढत होता, तेव्हाची ही गोष्ट आहे. हसू नका. मी काळ्या दगडाचा, तीन पायांचा एक जुना खल आहे. तुमच्याकडच्या पाट्याचा लांबचा चुलतभाऊ समजा.

डोंगरातल्या एका पाथरवटाने मला चार दिवस टाकीने घडवलं. एर्लिंदाच्या आईने लेकीच्या लग्नासाठी मला विकत घेतलं आणि शालीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन, तेआकापानच्या खाडीपर्यंत आणलं. पण नवा दगड लगेच कामाचा नसतो, त्याची कच आधी निघून जावी लागते. म्हणून एर्लिंदा आणि तिचा धाकटा भाऊ तेयो आळीपाळीने माझ्यात तांदूळ आणि जाडं मीठ वाटत बसले. पहिल्या दिवशी पीठ राखेसारखं करडं निघालं. चौथ्या दिवशी पांढरं निघालं, तेव्हा त्यांच्या आईने ते चाखून मान डोलावली. त्या दिवशी मी त्या घरचा झालो.

पुढे एर्लिंदाने झावळ्यांच्या छपराखाली सहा टेबलांची खानावळ काढली. तेवीस वर्षं मी तिथे राबलो. माझ्यात हिरवी मिरची आणि मीठ वाटायचं, वर लिंबं पिळायची, आणि त्या रसात कच्ची कोळंबी नाहीतर तेयोने खाडीतून उकरून आणलेल्या शिंपल्या मुरवायच्या. लोक ते मक्याच्या कुरकुरीत पोळीवर घेऊन खायचे, नाक पुसायचे आणि आणखी मागायचे. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग एकदा मी ओट्यावरून पडलो आणि माझ्या एका पायाचा टवका उडाला. एर्लिंदाची लेक यादिरा हमरस्त्यावरच्या दुकानातून नवा खल घेऊन आली. त्याला डुकराचं तोंड होतं. "आई, गिऱ्हाइकं याचे फोटो काढतील बघ. आणि दुकानदार म्हणाला, तांदूळबिंदूळ काही लागत नाही, नुसता धुऊन घ्या." ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते, त्यात मांस वर्ज्य पण मासळी चालते, म्हणून खाणाऱ्यांची झुंबड होती. एर्लिंदाला वेळ नव्हता, ती हो म्हणाली. माझ्यात माती भरून निवडुंग लावला गेला आणि मी दारापाशी शोभेला बसलो. मला फार वाईट वाटलं.

गुड फ्रायडेला दुपारी सगळी टेबलं भरलेली होती. नेहमीचे म्हातारे दोन रेफुहिओ (माणूस एकच, आमच्याकडे 'दोन' म्हणजे तुमचं 'राव') घास चावता चावता थांबले.

"एर्लिंदाबाई, शिंपल्यांत वाळू आहे हो."

शेजारच्या टेबलावरही माना हलल्या. एक कुटुंब तर बश्या तशाच टाकून उठलं. नेमका तेव्हाच तेयो दुसरी बादली घेऊन आला.

"वाळू सुटायला रात्रभर खाऱ्या पाण्यात ठेवल्या होत्यास का?" एर्लिंदाने सगळ्यांसमोर विचारलं. "की उकरल्यास तशाच उचलून आणल्यास?"

"ठेवल्या होत्या, ताई."

"मग वाळू काय आभाळातून पडली?"

"तेवीस वर्षांत कधी एक कण निघाला?"

"आज निघाला. उद्यापासून तू आणू नकोस. मी बंदरावरून मागवीन."

तेयोने बादली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. त्याच्या शिंपल्या दुसरं कोण घेणार होतं? पण त्याला लागलं ते पैशांचं नव्हतं. बहिणीने त्याला चारचौघांत खोटं पाडलं होतं. मला सगळं कळत होतं आणि एक अक्षर बोलता येत नव्हतं. दगडाचं दुःख ते हेच.

यादिराने मामासाठी बशी आणली. "शिंपल्या नाहीत यात, मामा. कोळंबी आहे. भांडण नंतर करा, आधी खा."

तेयोने घास घेतला. कर्र वाजलं.

"अगं, ही तर कोळंबी. हिच्यात वाळू कुठून आली?" त्याने बोटाने बशीतला रस चाचपून पाहिला. "यादिरा, तुझं ते डुक्कर आण. आणि थोडे तांदूळ."

त्याने सगळ्यांसमोर तांदूळ वाटले. पीठ करडं निघालं. पुन्हा वाटले, पुन्हा करडं.

"हा दगड नाही, पोरी. सिमेंट आहे."

मग त्याने माझ्यातला निवडुंग उपटला, बोटांत काटे भरले तरी थांबला नाही, आणि मला नळाखाली खसखसून घासलं. मग माझ्यात तांदूळ वाटले. पहिली मूठ मातकट निघाली. दुसरी पिवळट होती. तिसरी मात्र निघाली पांढरी, लग्नाच्या वेळी निघाली होती तशी.

एर्लिंदाने बोटाने पीठ चाखलं. आई चाखायची तसंच. तिचे डोळे भरून आले.

"चुकले रे मी, तेयो."

"आधी मिरची वाट," तेयो म्हणाला. "दोन रेफुहिओ उपाशी बसलेत."

"दोन नाही, दीड," म्हातारा म्हणाला. "अर्धं पोट वाळूने भरलंय."

आता माझ्या मोडक्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी असते. निवडुंग त्या डुकरात आहे, त्याला ते घर चांगलं मानवलंय.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच सांगतो. घासात खडा लागला तर आपल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी मूठभर तांदूळ वाटून बघा.