लांबवायची गोळी

आजचा आकडा: दोन. कांद्याची रोपं लावली. पाठ दुखतीय, पण ती रोपांमुळं. बाकी बरं.

असा निरोप अश्विनी रोज दिवेलागणीला फोनमध्ये बोलून पाठवायची, पुण्याच्या डॉक्टर पानसेबाईंना. एक म्हणजे काहीच नाही, सहा म्हणजे सोसवत नाही. पाळीच्या आधी एखाद्या बाईचं मन कसं तळाला जातं, यावरच त्या बाईंचे उपचार आणि संशोधनही. त्यांनी सांगून ठेवलं होतं, सलग दोन महिने रोजचा आकडा द्या. पाळीआधी चढतो, पाळी आली की उतरतो, असं दोन्ही वेळा दिसलं तर दुखण्याचं नाव खात्रीनं सांगता येईल, मग नेमकं औषध. तोवर काही नाही.

"दुसरं कुठलं औषध चालू आहे? हार्मोनची गोळी वगैरे?"

"नाही मॅडम."

खरंच नव्हतं.

पहिला महिना घाटासारखा निघाला. चढ, चढ, चढ, आणि पाळी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी एकदम सपाटी. त्या चढावरच एका दुपारी तिनं पाच वर्षांच्या श्रेयाला बांधावर बसवलं, "आलेच" म्हणाली आणि चालत कालव्यापर्यंत गेली. काठावर उभी राहिली आणि

(इथं काही तरी असायला हवं. अश्विनीला ते आठवत नाही, म्हणून जागा मोकळी.)

मग मागून श्रेया आली, एकाच पायात चप्पल घालून. म्हणाली, "मम्मी, मला शी लागली."

दोघी परत आल्या. हे फक्त डॉक्टरांना माहीत. त्या म्हणाल्या होत्या, "पाणी पुन्हा दिसायला लागलं तर संध्याकाळची वाट बघायची नाही. तडक फोन. आणि घरात एकाला तरी स्पष्ट सांगा." नवरा भरत टोमॅटोची पिकअप घेऊन सगळीकडं हिंडायचा. त्याला तिनं सांगितलं, "चिडचिड व्हती जरा." एवढंच.

आजचा आकडा: दोन. घरात गोंधळाची गडबड.

दीर अमृतचं लग्न झालं होतं, आता देवीचा गोंधळ घालायचा होता. पाच उसांच्या खाली चौक भरून त्यावर कलश मांडायचा, तो थोरल्या सुनेनं. म्हणजे अश्विनीनं. सासूबाई, प्रयागबाई, नारायणगावच्या बाजारातून आल्या आणि ओट्यावर पिशवी रिकामी केली. हळद, कुंकू, खण, सुपाऱ्या, कापूर, खोबऱ्याच्या वाट्या, आणि गोळ्यांचं पाकीट.

"तुझी तारीख अन् गोंधळ एकाच टायमाला येतंय," त्या म्हणाल्या. "आजपासनं चालू कर. गोंधळ झाला की बंद."

तिच्या मनात काही पाल चुकचुकली नाही. औषध डॉक्टर देतो, आजारी माणूस खातं. लांबवायची गोळी देवाच्या सामानात येते. सत्यनारायणाला, घटाला, लग्नाला. नणंदेनं खाल्ली, शेजारच्या सरूबाईनं खाल्ली, अश्विनीनं स्वतःच्या हळदीला खाल्ली होती. कापूर कुणी औषध म्हणून मोजतं का?

आजचा आकडा: चार.

चढ वेळेवर आला. यायचाच होता. आधी आवाज मोठे झाले. ताटली ठेवली तरी कुणी आदळल्यासारखी. मग गावाच्या कडेला असलेल्या दुर्बिणीच्या, आभाळातले आवाज ऐकणाऱ्या त्या भल्यामोठ्या तबकड्या. खोडदच्या माणसाला त्या दिसतही नाहीत, इतक्या रोजच्या. पण वाईट दिवसांत त्या सगळ्या मिळून वळल्या, की अश्विनीला वाटायचं, आपल्याच स्वयंपाकघराकडं तोंड करून थांबल्यात. ऐकतायत. तिनं श्रेयावर ओरडलेलं सगळं ऐकतायत.

सोसायचं, ती स्वतःला म्हणायची. गोंधळ झाला की गोळी बंद. पाळी येईल. पाळी आली की सुटले.

आजचा आकडा: पाच.

आणि गोंधळाच्या आदल्या दिवशी भावकीतले गेणूबाबा गेले.

"म्हातारा जलमभर समद्या पंगतीला उशिरा आला," प्रयागबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अन् ह्याच टायमाला बरी घाई झाली."

लांबची भावकी, तीनच दिवसांचं सुतक. पण सुतक फिटलं तरी गोंधळी हवा ना. चिमाजी गोंधळी फोनवर म्हणाला, "लई तारखा घेऊन बसलोय, भाऊ. पुढच्या रविवारशिवाय जमायचं न्हाई." भरतनं रविवार ठरवला. प्रयागबाईंनी मेडिकलमधून दुसरं पाकीट मागवलं.

अश्विनीनं ते हातात घेतलं. सुटायचं दार होतं, ते पुढं सरकलं. ती दाराच्या दिशेनं चालत होती आणि दार

पोळी करपली. श्रेया म्हणाली करपली. श्रेयाला मारलं. श्रेया रडली नाही, ते जास्त वाईट. प्रयागबाई म्हणाल्या, बया, काय शिरलंय तुझ्यात. भरत म्हणाला, गोंधळ होऊ दे, मग माहेरी लोणीला जा चार दिवस. तबकड्या वळल्या. ह्या घराला तिच्याशिवाय बरं होईल. हे वाक्य तिनं मनात आणलं नव्हतं, ते आपोआप यायचं, भांडी घासताना, गोळी गिळताना, ह्या घराला तिच्याशिवाय

आजचा आकडा: सहा.

आजचा आकडा: सहा. मॅडम, पाणी दिसतंय.

निरोप गेला आणि लगेच फोन वाजला.

"अश्विनीताई, घरात कोण आहे?" डॉक्टर.

"आई. ओट्यावर वाती वळतायत."

"त्यांच्याजवळ जाऊन बसा. फोन चालू ठेवून. जाताय ना?"

ती गेली. फोन खाली ठेवून स्पीकर लावला. प्रयागबाईंनी एकदा फोनकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"आता सांगा," डॉक्टरांचा आवाज ओट्यावर घुमला. "तुमची पाळी एव्हाना यायला हवी होती. आली नाही?"

"गोळी चालू हाय ना."

"कोणती गोळी?"

"लांबवायची."

"तुम्ही मला सांगितलं होतं, औषध चालू नाही."

"ते औषध कुठंय मॅडम? ते गोंधळाचं हाय."

डॉक्टर चिडल्या नाहीत. त्या स्वतःशीच काही तरी पुटपुटल्या, 'विचारायला हवं होतं' असं काहीसं. मग म्हणाल्या, "ती हार्मोनचीच गोळी आहे. बहुतेक तुमचं मन ह्या हार्मोनमुळेच असं वागतं. पाळी लांबली, तसे वाईट दिवसही लांबले. आजपासून बंद करा. दोन-चार दिवसांत पाळी येईल."

"बंद कशी?" प्रयागबाई फोनवर वाकल्या. "रविवारी गोंधळ हाय, डाक्टरीनबाई. आमी काय कमी गोळ्या खाल्ल्या? आमाला न्हाई कधी पानी दिसलं."

"तुम्हाला सोसली, आई. हिला नाही सोसत. सगळ्यांना शेंगदाणे पचतात का?"

"अन् पानी म्हंजी? कसलं पानी?"

ह्यावर बोलायचं कुणी, हे उघड होतं. अश्विनीनं परातीतल्या वातींकडं बघत सांगितलं.

"मागल्या महिन्यात मी श्रेयाला बांधावर बसवून कालव्यावर गेले व्हते. परत यायचं न्हाई म्हणून गेले व्हते. ती मागं आली म्हणून आले."

प्रयागबाईंच्या बोटांत अर्धी वात तशीच राहिली.

"त्या दिवशी," त्या म्हणाल्या, "पोरगी एकली सोडली म्हणून मी तुला अख्ख्या आळीत शिव्या घातल्या."

"व्हय."

"मग तवाच का न्हाई बोललीस, मुडद्याची?" शिवी तीच होती. आवाज फुटला होता.

डॉक्टरांनी भरतला फोनवर घ्यायला लावलं. तिला एकटीला सोडायचं नाही, उद्या सकाळी पुण्याला घेऊन या, नाव पक्कं व्हायची वाट न बघता औषध सुरू करू. "माझा महिना वाया गेला का?" अश्विनीनं विचारलं. "मोजायचं पुन्हा कधी तरी बघू," त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही या."

फोन बंद झाल्यावर प्रयागबाई देवीच्या फोटोकडं तोंड करून बसल्या. "तुला काय सांगू आता मी?" असं बराच वेळ विचारत होत्या. मग उठल्या, देवाच्या सामानातून पाकीट उचललं आणि कचऱ्यात न टाकता कणगीमागं कोंबलं. फेकायचा धीर त्यांना झाला नाही.

त्या रात्री अश्विनीच्या एका बाजूला भरत झोपला, दुसऱ्या बाजूला त्या.

सकाळी भरतनं तिला पुण्याला नेलं, डॉक्टरांची गोळी सुरू झाली. शुक्रवारी पाळी आली. शनिवारी सकाळी तिनं पडवीत बसून चहा घेतला आणि बाहेर बघितलं. तबकड्या आपल्या आभाळाकडं तोंड करून उभ्या. तिच्याशी त्यांचं काही नव्हतं. डोकं इतकं स्वच्छ, की भीती वाटावी. कालव्यावर उभी होती ती कोण होती मग? आणि ती आता कुठं बसून राहिलीय?

रविवारी चौकावर कलश नव्या जावेनं, रत्नानं मांडला. सासूबाई तिला मोठ्यानं चुका दाखवत होत्या. अश्विनी पडवीच्या टोकाला, वेगळ्या सतरंजीवर. बाजूला बसणं काही सुटलं नव्हतं. श्रेयाला दोनदा बजावलं गेलं, मम्मीला शिवू नको, आणि ती दोन्ही वेळा शिवली.

दिवे लागले. चिमाजीनं संबळ गळ्यात अडकवला.

प्रयागबाई नव्या लुगड्यात लगबगीनं पडवीत आल्या. हातभर अंतरावर थांबल्या. चार्जर जमिनीवर ठेवला आणि पायानंच, जपून, तिच्याकडं सरकवला.

"फोन मेलाय तुझा," त्या म्हणाल्या. "त्या बाईनं फोन केला तर काय समजायचं तिनं?"

आणि चौकाकडं गेल्या.

अश्विनीनं चार्जर लावला. पडदा उजळेपर्यंत थांबली. मग फोन तोंडाजवळ धरला.

आजचा आकडा: दोन. एक सांगणार व्हते, पण पुढचा महिना दिसतोय. गोळी घेतली, तुमची. मागं आवाज येतोय तो संबळाचा.