रायणीचा कोंब

तलासरीला आमच्या चर्चमागं प्रार्थनेची बाग आहे. फाटकावर पाटी, ‘आत बोलू नये’. धर्म कुणी विचारत नाही. ज्याच्या जिवाला घोर, त्यानं यावं, बाकावर बसावं, रडावं. तिथली माळीण मी, बारकी, उधव्याची. माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, आणि नोकरी मिळाली ती ही अशी! फादर हसायचे, "बारकी, खरी तपश्चर्या तुझीच."

सात वर्षांपूर्वी जयश्रीबाईंनी इथं चिकूचं कलम लावलं. त्यांचा मुलगा विनोद इथल्याच शाळेत शिकलेला. एका सकाळी मायलेकांचं वाजलं आणि बाई बोलून गेल्या, "परत तोंड दाखवू नकोस." पोरगा मोटरसायकल काढून निघाला तो हायवेवर ट्रकखाली गेला. कलम लावताना बाई मला म्हणाल्या, "याला फळ आलं की समजेन, त्यानं मला माफ केलं."

चिकूचं कलम रायणीच्या रोपावर बांधतात. खालून रायणीचे रानटी कोंब फुटतात, ते खुडायचे, नाहीतर वरचा चिकू मरतो. मला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण मेलेल्या पोराच्या नावाचं झाड, त्याला फुटलेला पहिला कोंब मोडायला हात धजेना. आज खुडू, उद्या खुडू. दिवाळीपर्यंत रायण फोफावली आणि चिकूची काडी वाळली. मी ती कापून पुरून टाकली. बाईंचं माहेर समुद्रकाठच्या वरोरचं, मासळीतलं सगळं कळतं, झाडातलं काही नाही. हिरवं बघून खूश झाल्या. मी गप्प बसले.

मग दर वर्षी तेच. फाटकाबाहेर आल्या की म्हणायच्या, "यंदाही नाही गं, बारकी. अजून रागावलाय तो." आणि मी मेली म्हणायची, "येईल हो बाई, धीर धरा."

परवा त्या घोलवडच्या नर्सरीतल्या चिमणभाईंना घेऊन आल्या. मी झारी ठेवून मागोमाग गेले. चिमणभाईंनी एक पान तोडून उलटंपालटं करून पाहिलं. मग खाली बसून बुंध्याची माती हातानं सारली. तिथं माझ्या कोयत्याचा जुना घाव होता. त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. बाईंच्या पाठीमागून मी हात जोडले.

"काय झालंय झाडाला?" पाटी विसरून बाईंनी तिथंच विचारलं.

चिमणभाई उठले, हात झटकले. "झाड तर मजबूत आहे, बेन. बाकीचं हिला विचारा." आणि बाजूला झाले.

"चिकू नाही तो, बाई!" मी ओरडलेच. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत! "चिकू पहिल्याच वर्षी मेला. माझ्यामुळं. ही रायण आहे, हिला जन्मात चिकू यायचा नाही!"

बाईंनी बुंध्याला हात लावला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तो रागावला नव्हता?"

"नाही हो. त्याचा काय दोष!"

त्यांनी बुंध्याला मिठी मारली. हसल्या, आणि हसता हसता हमसून रडल्या. मला वाटलं, सुटले मी एकदाची. तेवढ्यात त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"सात वर्षं मी इथं रडत होते. आणि तू शेजारी उभी राहून पाणी घालत होतीस."

मी पाय धरायला वाकले. त्या मागं सरल्या.

"हिला फळ येतं?"

"येतं बाई. बारीक, पिवळं, गोड. पण रायणीला उशीर लागतो. अजून चारपाच वर्षं तरी."

"आलं की सांग. तोवर माझ्याशी बोलू नकोस."

बाई अजून रोज येतात. निवांत बसतात, आता रडत नाहीत. मी झारी घेऊन समोरून जाते, तरी बघत नाहीत. आणि मी रोज सकाळी आल्या आल्या रायणीची फांदी न् फांदी धुंडाळते, कुठं एखादी कळी दिसते का म्हणून.