जनरेटर बंद केल्यावर

धुरपताबाईंनी ड्रममधून काढलेला हळदीचा गड्डा मधोमध मोडला. आत कडक, कच्ची गाठ होती. त्यांनी दोन्ही तुकडे खाली टाकले नाहीत, मुठीतच धरून ठेवले.

"कच्चीच का?" त्यांच्या मुलाने, रामकिशनने विचारले.

हळदीचे मालक विश्वंभर बांधावर उभे होते. "काकू, डॉक्टरनं नवा डोळा उलटा बसवला वाटते," ते म्हणाले. कोणी हसले नाही.

डोंगरकड्याच्या शिवारात धुरपताबाई सत्तावीस वर्षे हळद शिजवत होत्या. आधी कढईत, आता मुलाने घेतलेल्या वाफेच्या कुकरवर. मध्येच झाकण काढले तर वाफ जाते आणि पुन्हा शिजवलेल्या हळदीचा रंग उतरतो. म्हणून न उघडता ओळखावे लागे, आणि ते त्यांनाच जमे. या हंगामात मात्र नऊ दिवसांत पाच ड्रम बिघडले. तीन कच्चे राहिले, दोनांचा गाळ झाला. मोतीबिंदू दिवाळीतच काढला होता, त्यामुळे डोळ्यांना दोष देता येईना.

"आई, मोबाईलवर टायम लावू. पाऊण घंटा झाला की बंद."

"जाड गड्ड्याला अन् बारीक हळकुंडाला एकच टायम?"

"मंग काय करू? लोकं बोलून राहिले."

धुरपताबाईंनी मूठ उघडली. "बराबर हाय तुजं. डोकंच म्हातारं झालं. ह्यो एक ड्रम काढते. चुकला तर उद्यापासून वाफेचा व्हॉल्व्ह पुनमकडं. मी घरी बसते."

पुनम, त्यांची सून, हंगामभर शिकत होती आणि तिला जमत नव्हते. कसे ओळखता, असे विचारले की उत्तर ठरलेले असे: "वाफंकडं बघायचं. पिवळट झाली की झालं." पुनमला वाफ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखीच दिसे. कंटाळून ती वाफेऐवजी सासूकडे बघू लागली होती.

याच हंगामात जळबाच्या शेतात हळद शिजवताना तिला एक गोष्ट दिसली. व्हॉल्व्ह बंद करायला सांगण्याआधी आत्याबाई वाफेकडे बघत नव्हत्या. पदर कानामागे सारत, मान डावीकडे कलती करत आणि डोळे मिटून घेत. त्या दिवशी एकही ड्रम चुकला नव्हता. त्या दिवशी लाइटही होती. पाण्याच्या मोटारीसाठी यंदा नव्याने आणलेला जनरेटर लावावा लागला नव्हता.

नवा ड्रम भरला. झाकण बसले. आज लाइट नव्हती, जनरेटर धडधडत होता. पुनमने नवऱ्याला हाक मारली.

"बॉयलर भरलं ना? मंग जनरेटर बंद करा."

"काहून?"

"माझं डोकं दुखून राहिलं."

रामकिशनने कुरकुरत जनरेटर बंद केला. पलीकडच्या केळीत पाखरे बोलत होती, ती आता ऐकू आली. ड्रममध्ये आधी नुसते तडतडत होते. मग गुरगुर सुरू झाली. बऱ्याच वेळाने ती खाली खाली जात एका संथ घुमण्यात मिसळली.

धुरपताबाईंनी पदर कानामागे सारला.

"कर बंद."

झाकण काढल्यावर विश्वंभर स्वतः पुढे आले. त्यांनी एक गड्डा मोडला, मग तळाचा दुसरा, मग बारीक हळकुंड. सगळीकडे एकसारखा केशरी रंग होता. ते पुढचा ढीग दाखवायला निघाले.

"आता कसं जमलं?" रामकिशन म्हणाला.

"वाफ आज नीट दिसली," धुरपताबाई म्हणाल्या. "नवा डोळा हाय. बसायला टायम लागतो."

रामकिशनने जनरेटरच्या दोरीला हात घातला, तशी पुनमने बादली उचलली.

"ऱ्हाऊ द्या. पाणी मी भरते हौदातून."

"एवढ्या बादल्या?"

"व्हय."

चौदा बादल्या झाल्या. ड्रम तडतडू लागला. घाम पुसत ती सासूशेजारी येऊन उभी राहिली.

"बघ," धुरपताबाई वाफेकडे बोट करत म्हणाल्या. "नीट बघ."

"बघून राहिले, आत्याबाई," पुनम म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.